धाकटी बोलते तो व्हिडिओ

माझी धाकटी बहीण दौंडला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि पाय औषधांनी थोडे सुधारले, पण वाचा परत आली नाही. तोंडातून ‘बाबाबा’ एवढाच आवाज निघतो. रागावली तरी तोच, भूक लागली तरी तोच. डॉक्टर म्हणाले, हिला सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. हे ऐकून तिच्या घरच्यांना बरं वाटलं. मला वाटलं नाही. समजत नसतं तर तिचा जीव एवढा तडफडला नसता.

कारण आमच्या माहेरात बोलणारी तीच होती. मी चौथीपर्यंत शिकले, ती दुसरीतूनच उठली, पण बोलायला लागली की शिकलेली माणसं काम सोडून ऐकत बसायची. माणसांच्या नकला करायची. तिचं घर रेल्वेलाइनीच्या कडेला आहे. गाडी धडधडत जायला लागली की तिथली माणसं बोलणं थांबवतात आणि गाडी गेली की पुढं बोलतात. ही थांबायची नाही. आवाज वाढवायची आणि गाडीच्या वर बोलायची. तिचे मालक रेल्वेत होते. ते म्हणायचे, ड्यूटीवर इंजिन आणि घरी ही.

तिच्या मुलाचं लग्न तिच्या आजारपणानंतर झालं. सून नगरकडची आहे. पोरगी चांगली आहे, सासूचं सगळं करते, नाक मुरडत नाही. पण तिनं सासूला बोलताना कधी ऐकलेलंच नव्हतं. त्यामुळं ती तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची, एकेक शब्द सुटा करून आणि मोठ्यानं. ‘‘आई, च्या, घेता, का?’’ माझी बहीण बहिरी नाही. तिला हे कसं लागत असेल ते मला दिसायचं.

एकदा ती सून स्वयंपाकघरात नवऱ्याला विचारत होती, ‘‘आईंना पहिल्यापासून असं हाय का?’’ आम्ही दोघी बाहेर पलंगावर बसलो होतो. आम्हाला स्वच्छ ऐकू आलं. नवरा काय म्हणाला ते गाडीच्या आवाजात गेलं. बहिणीनं माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघत राहिली.

मग थोड्या वेळानं तिनं माझा मोबाइल माझ्या हातातून ओढून घेतला. आधी त्याच्या काचेवर बोट आपटलं. मग स्वतःच्या तोंडाला हात लावला. मग माझ्याकडं बोट केलं, डाव्या हातानं कमरेला पदर खोचल्यासारखं केलं आणि खांद्यावर काहीतरी घेतल्यासारखं केलं. सून बाहेर आली आणि म्हणाली, मावशी, आईंना शेतात जायचं असंल. मी म्हटलं, नाही, तिला शेतात जायचं नाही. मला कळलं होतं तिला काय पाहिजे ते. तिला तो व्हिडिओ पाहिजे होता, ज्यात ती बोलते. सुनेला ऐकवायला.

तो व्हिडिओ आता कुठं असेल हे मात्र मला माहीत नव्हतं.

तो काढला होता माझ्या मुलानं. तेव्हा तो रांजणगावच्या एका कंपनीत नुकता लागला होता आणि पहिला मोबाइल घेतला होता. चायनाचा मोबाइल, मागं मोठे स्पीकर, वाजायला लागला की शेजारच्या वस्तीवर ऐकू जायचं. मांडवगण फराट्याच्या शिवारात आमची वस्ती आहे. कांदा काढून अंगणात टाकला होता आणि तो कांदाचाळीत भरायच्या आधी आम्ही बायका त्याची पात काटत बसलो होतो. बहीण दौंडाहून मदतीला म्हणून आली होती. मदत म्हणजे आमचे हात चालायचे आणि तिचं तोंड. मुलगा पहिली पाळी करून घरी आला, फोन काढला आणि म्हणाला, मावशी, कायतरी कर, ह्यात चित्र येतं.

तिला एवढंच पुरलं. उठली. दोरीवर माझ्या मालकांचा शर्ट वाळत होता, तो लुगड्यावरून चढवला. पदर खोचला, कोपऱ्यातलं फावडं खांद्यावर घेतलं आणि अंगणात माझ्यासारखी ढांगा टाकत चालायला लागली.

हे माझंच सोंग होतं. आमच्या मालकांना भांडण जमत नाही. पाटाच्या पाण्याची पाळी आली की वरच्या अंगाचा शेतकरी पाणी अडवायचा आणि खाली आमच्या उसाला यायचा तो चिखल. मालकांना सांगायला पाठवलं तर ते त्याच्याकडं चहा पिऊन परत यायचे. म्हणून मी जायची. ऊन लागतं म्हणून लुगड्यावर त्यांचा शर्ट घालायची आणि बांधावरून ओरडायची. हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण कुणी तोंडावर बोलत नव्हतं. धाकटीला ती अडचण नव्हती.

‘‘आता बघा, आमची आक्का पाण्यावर कशी जाती,’’ ती म्हणाली. ‘‘दाजी कुठं हायती? दाजी घरात. दाजींना पाठवलं की दाजी तिकडं च्या पित्यात आन् पाणी बी तिकडंच ऱ्हातं.’’ मग फावडं आपटून तिनं माझा आवाज काढला. माझा आवाज घोगरा आहे, तसाच काढला. ‘‘ए वरच्या! पाणी सोडतो का येऊ वर?’’ लगेच मान वाकडी करून ती वरचा शेतकरी झाली. ‘‘वैनी, शपथ, पाटात पाणीच न्हाई बघा.’’ परत माझा आवाज. ‘‘न्हाई? मग तुझ्या उसात बदकं कशी पवत्यात? सोडतो का येऊ वर?’’

सगळ्या बायका लोळायच्या बाकी होत्या. मी हसले नाही, कांदा काटत राहिले. तेव्हा ती शर्ट काढत स्वतःच्या आवाजात म्हणाली, ‘‘आक्का, माझ्याकडं काय बघतीस? कांदं काट. मी काय रोज येती का दौंडाहून?’’ आणि स्वतःच हसायला लागली, ते हसू खोकल्यात गेलं, आणि तिथं व्हिडिओ संपला, कारण मुलाला पण फोन धरवेना.

तसा तो फार छोटा होता. चित्र काडेपेटीएवढं. माणूस लांब असला की त्याच्या तोंडाच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. पण आवाज स्वच्छ होता. आम्ही तो पुन्हा पुन्हा लावला. मालकांनी सगळ्यात जास्त वेळा लावला.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावरून आला आणि म्हणाला, कंपनीच्या बसमधली पोरं म्हणत होती, तो व्हिडिओ आम्हाला सोड, मग सोडला. मी विचारलं, सोडला म्हणजे काय केलंस? तो म्हणाला, ब्लूटूथनं सोडला.

आता सोडणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. पाणी सोडलं की ते खालच्याकडं जातं आणि आपल्या पाटाच्या दाऱ्यात काही राहत नाही. म्हणून मी म्हटलं, ‘‘मग आता आपल्याकडं काय ऱ्हायलं?’’ तो म्हणाला, आहे की आपल्याकडं. मला पटेना. त्यानं फोन काढून दाखवला, धाकटी शर्ट घालून उभी होती. मी म्हटलं, आज दिसतोय, उद्या संपेल. रोज एकाला दिला तर किती दिवस पुरणार? ‘‘इथून पुढं द्यायचाच असला तर अर्धा सोड, अर्धा आपल्याला ऱ्हाऊ दे.’’ मुलगा हसून हसून ओट्यावर बसला. माझी सून तेव्हा नवी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि आत गेली. पुढं कितीतरी दिवस जेवायला वाढताना ती मला विचारायची, आई, भाकरी अख्खी देऊ का अर्धी सोडू.

मी रोज संध्याकाळी मुलाकडून तो लावून घ्यायची आणि शेवटपर्यंत बघायची, कमी झालाय का ते. कमी झाला नव्हता. तेव्हा कळलं की ही पाण्यासारखी वस्तू नाही. दिली तरी राहते. असली वस्तू मी आधी बघितली नव्हती.

त्यामुळं तो पसरला. कंपनीची बस आमच्याकडून न्हावऱ्यावरून रांजणगावला जायची. त्या रस्त्याला पोरांना दुसरा उद्योग नसायचा. फोनला फोन चिकटवून बसायची आणि ह्याच्याकडचं त्याच्याकडं जायचं. मध्येच एखादा उतरायचा आणि व्हिडिओ अर्ध्यात तुटायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. फोनच्या मेमरी कार्डात जागा नसायची. एक ठेवायचं तर दुसरं पुसायचं. शिरूरला स्टँडाजवळ मोबाइलची दुकानं होती, तिथं कार्ड दिलं की गाणी, भजनं, सिनेमे भरून मिळायचे. त्याला कार्ड भरणं म्हणायचे. सण आला की दुकानात कार्ड भरायला रांग लागायची. त्या दुकानातसुद्धा आमचा व्हिडिओ पोचला. मुलाच्या एका मित्राला दुकानदारानं न मागता भरून दिला, वर म्हणाला, हे नवीन आलंय, घेऊन बघा.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी मुलाला चांगलं झापलं. आपल्या घरातल्या बायकांचा तमाशा बाजारात विकायला ठेवलाय का, असं म्हटलं. तो म्हणाला, आई, मी एकालाच दिला होता. ते खरं असेल. एकालाच दिला आणि त्या एकानं दुसऱ्याला. मी चुकले असं मी आजही म्हणत नाही. तेव्हा राग आला तो बरोबरच होता. कुणी विचारलं नव्हतं, ना मला ना तिला.

तिला मात्र काही वाटलं नाही. मी दौंडला जाऊन तिला सांगितलं की तुझं सोंग रांजणगावात फिरतंय. तिनं विचारलं, हसत्यात का? मी म्हटलं, हसतात. ‘‘मग फिरू दे की,’’ ती म्हणाली. ‘‘फुकाट हाय.’’

पोरांनी पुढं त्यातलं एक वाक्य कापून त्याची रिंगटोन केली. बसमध्ये कुणाच्या तरी खिशातून एकदम आवाज यायचा, ‘पाणी सोडतो का येऊ वर?’ आणि सगळी बस हसायची. एकदा मी स्वतः शिरूरला औषधं घ्यायला उभी होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या खिशातून माझा आवाज आला. माझा नव्हे, तिनं काढलेला माझा. त्या माणसानं फोन उचलला आणि कांद्याच्या भावाचं बोलायला लागला. मी काय करणार? औषधं घेतली आणि एसटी पकडली.

वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या फोनमध्येसुद्धा तो गेला. कुणी सोडला ते कधी कळलं नाही. पुढच्या पाळीला मी शर्ट घालून बांधावर पोचले तर तो आधीच उभा होता. म्हणाला, ‘‘वैनी, तुम्ही वर येऊ नका. सोडलंय.’’ पाणी खरंच येत होतं. त्यानंतर त्यानं पाणी अडवलं नाही. सोंगाचा एवढा फायदा झाला, तो मान्य केला पाहिजे.

मग वर्षं गेली. मुलानं मोटारसायकल धुताना तो फोन हौदात पाडला. फोन गेला, आतलं कार्ड पण गेलं. आम्ही फोनसाठी हळहळलो. व्हिडिओसाठी कुणी हळहळलं नाही. धाकटी दौंडात जिवंत होती आणि समोर बसून रोज नवीन सोंग करत होती. बोलणारं माणूस समोर असताना त्याचा व्हिडिओ कोण जपून ठेवतं?

आता जपायला पाहिजे होता असं सगळ्यांना वाटत होतं.

मी दौंडाहून परत आले आणि सुनेला सांगितलं. माझी सून बोलायला फटकळ आहे, पण कामाला पक्की. तिनं तिथंच विचार केला आणि म्हणाली, जुन्या बसवाल्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे, तिथं विचारू. मुलानं विचारलं. लगेच उत्तरं यायला लागली. सगळ्यांना आठवत होता. कुणी बदकांचं वाक्य लिहिलं, कुणी दाजींच्या चहाचं. मावशी कशा आहेत म्हणून विचारलं. पण व्हिडिओ कुणाकडं नव्हता. कुणाचा फोन चोरीला गेला होता, कुणी बायकोला भिऊन सगळं पुसलं होतं, कुणी कंपनी सोडून गावच सोडलं होतं. एकजण आता चाकणला असतो. त्याच्याकडं रिंगटोन होती. फोन बदलत गेला तसं तो ते वाक्य नव्या फोनमध्ये घेत गेला होता. अजून त्याचा फोन तसाच वाजतो म्हणाला. त्यानं ती लगेच पाठवली.

मला वाटलं, भागलं काम. सुनेनं ती माझ्या फोनमध्ये घातली आणि मी दौंडला गेले. बहिणीच्या कानाशी लावली. ‘पाणी सोडतो का येऊ वर?’

तिनं ऐकलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा लावली. तिनं माझा हात बाजूला केला. मी म्हटलं, अगं तूच आहेस ही. तिनं माझ्याकडं बोट केलं. मग मला कळलं. ते वाक्य तिचं नव्हतंच. ते माझं होतं. त्यात आवाज माझा काढलेला होता. तिच्या सुनेला ते ऐकवलं असतं तर तिला वाटलं असतं, मावशी ओरडतेय. तिला तिचा स्वतःचा आवाज पाहिजे होता, आणि तो व्हिडिओच्या शेवटी होता, कुणी कापून न ठेवलेला.

तिची सून जवळच उभी होती. तिनं विचारलं, मावशी, हे काय हाय? मी सांगितलं, काही नाही. अर्धवट दाखवून उपयोग नव्हता. बहिणीनं तोंड फिरवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. सून म्हणत राहिली, ‘‘आई, एक, घास,’’ आणि ती भिंतीकडं बघत राहिली. मला तिथं बसवेना. मी बसायला म्हणून गेले होते आणि लगेच परत निघाले.

घरी आल्यावर मी म्हटलं, आता नाद सोडा. मुलगा म्हणाला, एकजण राहिलाय. बसमध्ये त्याच्या शेजारी बसणारा एकजण होता. त्यानं नंतर कंपनी सोडून ट्रॅक्टर घेतला आणि लोकांच्या रानांची मशागत करतो. तो ग्रुपवर नाही, कारण त्याला वाचत बसायला वेळ नाही. मुलानं त्याला रोटर मारून रान भुसभुशीत करायच्या निमित्तानं बोलावलं. आम्हाला रोटर मारायचाच होता, ते काही खोटं निमित्त नव्हतं.

तो आला तेव्हा ट्रॅक्टरवर भजन लागलं होतं, मागोमाग लग्नातलं डीजेचं गाणं, मग परत भजन. मुलानं विचारलं, जुना व्हिडिओ आहे का? तो म्हणाला, फोनमध्ये नाही. मग ट्रॅक्टर बंद करून त्यानं डोकं खाजवलं.

‘‘कार्ड तेच हाय पण,’’ तो म्हणाला. ‘‘बसमधल्या टायमाचं. ट्रॅक्टर घेतला तवा टेपमधी घातलं, ते आजपातूर काढलं न्हाई. गाणी तीच वाजत्यात. व्हिडिओ आत असला तर असंल, टेपला व्हिडिओ कळत न्हाई. त्यो गाणं बघतो आन् पुढं जातो.’’

म्हणजे कार्ड होतं. पण ते निघेना. इतक्या वर्षांची धूळ आणि तेल त्या फटीत बसलं होतं. तो म्हणाला, राहू द्या मावशी, तुटलं तर माझी भजनं जातील. माझ्या सुनेनं त्याला विचारलं, ‘‘भजनं परत भरता येतील की न्हाई?’’ तो म्हणाला, येतील. ‘‘मग सरका,’’ ती म्हणाली आणि ट्रॅक्टरवर चढली. पदराची पिन काढली, आधी धूळ उकरली, फुंकर मारली, मग पिनेनं कडेनं हळूहळू ढकलत कार्ड बाहेर आणलं. नखाएवढं काळं कार्ड. पदरानं पुसलं आणि स्वतःच्या फोनमध्ये घातलं.

आत शेकड्यानं काय काय होतं. गाणी, देवांचे फोटो, कुणाच्या तरी मुलाचं बारसं, बैलांच्या शर्यती. सून वाचत खाली खाली जात होती आणि आम्ही तिघं तिच्या खांद्यावरून बघत होतो. मग ती थांबली. तिथं नाव होतं, ‘मावशी कॉमेडी फुल’. हे नाव आमच्या घरात कुणी दिलं नव्हतं. वाटेत कुणीतरी दिलं असणार.

तिनं बोट लावलं. आधी आवाज आला, मग चित्र. आमचं अंगण, कांद्याचा ढीग, दोरीवरचा शर्ट. ‘आता बघा, आमची आक्का...’ एवढं ऐकलं आणि मी म्हटलं, बंद कर. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, आहे ना सगळा? शेवटपर्यंत आहे ना, एवढंच बघ, आवाज बंद करून. तिनं बघितलं, म्हणाली, आहे, खोकल्यापर्यंत आहे. मग पुरे. ज्या बाईला पाहिजे तिच्या आधी आपण ऐकायचं कारण नाही.

ट्रॅक्टरवाल्याला मी दोन्ही हात जोडले. तो कानकोंडा झाला. म्हणाला, मावशी, मी काय केलं, मी तर विसरलो होतो. मी म्हटलं, विसरलास तेच बरं केलंस, लक्षात असता तर पुसला असतास. हे मी त्याला टोमणा म्हणून बोलले नाही. खरंच असं आहे. ज्यांनी आवडीनं ठेवला त्यांच्याकडून तो गेला, आणि ज्याचा टेप तो वाजवू शकत नव्हता त्याच्याकडं राहिला. आणि त्याच्याकडं पोचला तो त्या बसमधल्या पोरांच्या हावरटपणामुळं, ज्याला त्याला सोडत सुटली म्हणून. जेव्हा मी त्यांना शिव्या देत होते तेव्हा ती पोरं माझ्या बहिणीचा आवाज ठेवत होती. त्यांना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्या सगळ्यांचं भलं होवो असं मी मनापासून म्हणते. मी सहसा कुणाला असं म्हणत नाही.

आता माझ्या फोनमध्ये रोज किती व्हिडिओ येतात. चित्र असं स्वच्छ की माणसाच्या नाकावरचा घाम दिसतो. बघायचे आणि खाली ढकलायचे. सकाळचा संध्याकाळी आठवत नाही. त्या वेळच्या काडेपेटीएवढ्या चित्रासाठी पोरं स्वतःचं आवडीचं गाणं पुसून जागा करायची. फोन धरून बसायची, ते पूर्ण येईपर्यंत हलायची नाहीत. एवढं करून घेतलेली वस्तू राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी आणि माझी सून दौंडला गेलो. बहीण पलंगावर बसली होती. तिची सून भांडी घासत होती. आम्हाला बघून हात पुसत आली आणि सासूच्या तोंडासमोर वाकून म्हणाली, ‘‘आई, मावशी, आल्यात.’’ मी म्हटलं, तिला दिसतंय. तू बस इथं.

मी फोन बहिणीच्या हातात दिला. माझ्या सुनेनं लावून दिला.

बहिणीनं फोनकडं बघितलंच नाही. ती तिच्या सुनेच्या तोंडाकडं बघत होती. सुनेला आधी काही कळेना. दाजींचा चहा झाला, माझा आवाज आला, तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. बदकं आली तेव्हा ती फस्सकन हसली आणि तोंडावर ओला हात धरला. मग शेवट आला. ‘आक्का, माझ्याकडं काय बघतीस? कांदं काट. मी काय रोज येती का दौंडाहून?’ आणि ते हसणं.

‘‘ह्या कोण?’’ सुनेनं विचारलं.

‘‘तुझी सासू,’’ मी म्हटलं.

तिनं फोन बहिणीच्या हातातून घेतला आणि परत पहिल्यापासून लावला. मध्येच मालगाडी आली. आम्ही सगळ्या गप्प बसलो, तिनं मात्र आवाज वाढवला आणि फोन कानाजवळ नेला. गाडी लांब होती, जाता जाईना. दुसऱ्यांदा संपल्यावर तिनं पुन्हा शेवटचं तेवढं ऐकलं, जिथं आवाज स्वतःचा आहे. मग सासूकडं वळली आणि विचारलं, नेहमीच्या बोलण्यात, नेहमीच्या वेगानं, जसं माझ्याशी किंवा नवऱ्याशी बोलते तसं:

‘‘मग वरच्यानं पाणी सोडलं का न्हाई, आई?’’

आणि उत्तराची वाट बघत बसली.

बहीण सांगायला लागली. ‘बाबाबा’ आणि डावा हात. मान वाकडी करून वरचा शेतकरी झाली, हात जोडले, मग पाणी आलं ते हातानं दाखवलं, माझ्याकडं बोट करून माझी चाल दाखवली. मला सगळं माहीत होतं, मी मध्ये सांगू शकले असते. मी तोंड उघडलं नाही. सून मान हलवत होती, कळलं नाही तिथं ‘काय? परत?’ म्हणत होती. बहीण चिडत होती आणि परत सांगत होती. फार वेळ चाललं. माझी सून मध्येच उठून उरलेली भांडी घासून आली.

दुपारी जेवायला बसलो. वांग्याची भाजी होती. बहिणीनं एक घास खाल्ला आणि ताट खरकन पुढं सरकवलं. मला वाटलं, आता परत ‘आई, एक, घास’ सुरू होणार.

सून तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. ‘‘मीठ बरोबर हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मी चाखून बघितलंय. उगं नखरं करू नका.’’

‘‘बाबाबा,’’ बहिणीनं वाटी आपटली.

‘‘आपटा. स्टीलची हाय, फुटत न्हाई.’’

‘‘बाबाबा!’’

‘‘बरं, मग तुमच्या बहिणीला विचारा. त्या काय माझ्या बाजूच्या न्हाईत.’’

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून खाल्ला. मीठ कमीच होतं. तसं मी सांगितलं.